पाचवी पायरी

कुताइसीहून सकाळची पहिली मार्शरुत्का.
मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा, खिशात दोन पेनं,
एक थंडीत अडतं म्हणून दुसरं.
आज एकोणीस घरं. घरटी बेचाळीस प्रश्न,
त्यातला सदतिसावा असा :

कल्पना करा, एक शिडी आहे.
दहाव्या पायरीवर तुम्हाला लाभू शकेल असं
उत्तमातलं उत्तम आयुष्य.
तळाला, शून्यावर, वाईटातलं वाईट.
आज तुम्ही कुठे उभे आहात?

लोक पटकन सांगून टाकतात.
पाव भाजणारी मझिया पिठाची बोटं वर करते,
मी मोजते, सहा.
एकाने आधी विचारलं,
"शेजाऱ्याने किती सांगितली?"

वर्लाम मात्र उठला,
गोठ्यामागे गेला
आणि शिडीच घेऊन आला.

"कल्पना कशाला? ही आहे की."
सातच पायऱ्या. तिसरी कधीतरी मोडलेली,
तिच्या जागी जुन्या पट्ट्याचे वेढे.
"दहाची माझ्या परसात मावायची नाही.
आणि त्या उंचीवरची फळं पाखरांची."

नोव्हेंबर. पर्सिमनच्या झाडाला पान नाही,
नुसती फळं,
दिवे लावून माणसं निघून गेल्यासारखी.
त्याने शिडी खोडाला टेकवली,
हलवून पाहिली, म्हणाला,
"पाचवी. लिहा पाचवी."

मी पाचाभोवती गोल काढला.
आमच्या पुस्तिकेत पाच म्हणजे मध्यम,
म्हणजे रडगाणं नाही, पण
सांगण्यासारखंही काही नाही.
'पाचवीच का?' असं विचारायची
आम्हाला परवानगी नाही.
विचारलं.

"चौथीवर आवाज तुटतो.
सहावीवर गुडघे कापतात.
पाचवीवर रेंज येते."

एतेरी अकरा वर्षं इटलीत,
बारी नावाच्या शहरात, कुणा दुसऱ्याच्या आईला
न्हाऊ घालते, विंचरते, औषधं मोजते.
तिथे दीडला ती म्हातारी डोळे मिटते,
तेव्हा इथे साडेचार.
मग अर्धा तास एतेरीचा.
साडेचाराला सात मिनिटं कमी होती.
"जरा धरता का?" म्हणाला.

फॉर्म दगडाखाली ठेवले. शिडी धरली.
वरून शब्द सुटे सुटे पडत राहिले.
कोंबडी. पत्रा. अगं तीच, निळी बादली.
मग तो असा हसला की
शिडी हलली, ते हसू लाकडातून उतरत
माझ्या तळहातांत आलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी मान वर केली नाही.
नाक ओढल्याचा आवाज आला, एकदा,
पुन्हा एकदा.
पायरी तीच होती.

प्रशिक्षणात आम्हालाही
आपापला फॉर्म भरायला लावला होता.
मी आठ लिहिलं.
शेजारच्या मुलीने नऊ लिहिलेलं दिसलं,
आणि मला थोडं नम्र दिसायचं होतं.
तेव्हा माझ्या खाली
शिडीसारखं काही होतं का,
आठवत नाही.
बूट नवे होते, चावत होते,
एवढं आठवतं.

तो उतरला तेव्हा अंधारायला लागलं होतं.
डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.
"बादली सापडली," म्हणाला,
जणू ती मीच शोधत होते.
जाताना पिशवीभर फळं दिली.
"आज तोंड लावू नका, जिभेचं लाकूड होईल.
भारी तुरट असतात.
कानाच्या पाळीइतकी मऊ झाली, की मग."

उरलेली चार घरं मी उद्यावर टाकली.

आता ती खिडकीच्या कट्ट्यावर आहेत, ओळीने.
खाली ट्रॉलीबस वळते, काच थरथरते.
रोज रात्री दिवा मालवण्याआधी
एका हाताने कानाची पाळी चिमटीत धरते,
दुसऱ्या हाताने फळ.
अजून नाही.
अजून नाही.
आज डावीकडून तिसरं
जरासं नमल्यासारखं वाटलं.
किंवा माझी बोटंच
ऊबदार असतील.